अकरा वेळा ‘नाही’

नऊ मेच्या सकाळी साडेआठ वाजता फ्रिजमध्ये एकोणीस पिशव्या होत्या. ए पॉझिटिव्ह सात, बी पॉझिटिव्ह सहा, एबी पॉझिटिव्ह चार, ए निगेटिव्ह एक, बी निगेटिव्ह एक. ओ पॉझिटिव्ह एकही नाही. ओ निगेटिव्ह एकही नाही. पाच पिशव्यांवर पेशंटची नावं आधीच चिकटवलेली होती. आतलं तापमान चार अंश. मी दोनदा मोजलं आणि वहीत लिहिलं.

“तिसऱ्यांदा मोज,” नदाफभाई मागून म्हणाले. “पिल्लं घातली असतील.”

नदाफभाई आमच्या रक्तपेढीत बावीस वर्षं काम करत होते, मी आठ महिने. मायक्रोबायोलॉजीची पदवी, त्यानंतर लॅबचा डिप्लोमा, वय तेवीस. तालुक्याच्या गावातली एका ट्रस्टची ही लहानशी रक्तपेढी. दोन खाटा, तीन फ्रिज, एक कूलर. जानेवारीत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आम्ही एका दिवसात दोनशे बारा पिशव्या गोळा केल्या होत्या. रक्त पस्तीस दिवस टिकतं. त्यातल्या एक्केचाळीस पिशव्या फेब्रुवारीच्या शेवटी मीच फेकायला काढल्या. मेमध्ये कॉलेजं बंद, गाव लग्नांत, आणि ओ पॉझिटिव्हचा कप्पा रिकामा.

“आज शिवलीला येईल,” मी म्हणाले. “चोविसावा दिवस आहे.”

नदाफभाईंनी चष्मा काढून पुसला. “लातूरला फोन लावला मी. त्यांच्याकडंच नाही.”

शिवलीला बिराजदार दहा वर्षांची होती. तिला थॅलेसेमिया होता. तिच्या शरीरात धड रक्त तयार होत नसे, त्यामुळे सात महिन्यांची असल्यापासून दर एकवीस दिवसांनी तिला एक पिशवी लागे. ओ पॉझिटिव्ह, म्हणजे सहज मिळणारा गट. सहज मिळणाऱ्या गटाचं एक असतं, तो जातोही सगळ्यांत आधी.

नऊ वाजता ती आईचा हात धरून आली. रस्त्यावरून आमच्या दारापर्यंत सात पायऱ्या होत्या. चौथ्या पायरीवर ती थांबली, मग सहाव्या. बाकावर बसल्यावर तिने ओठ मिटून नाकाने श्वास घेतला आणि मला म्हणाली, “मॅडम, आज कुणाचं आहे?”

हा तिचा नेहमीचा प्रश्न. नाव सांगायची परवानगी नव्हती, म्हणून मी काहीतरी खोटं सांगायची. एकदा पोस्टमनचं, एकदा शिक्षिकेचं.

“अजून ठरलं नाही,” मी म्हणाले.

“मागच्या वेळी पैलवानाचं होतं. दोन दिवस मला नुसत्या उड्या माराव्या वाटत होत्या.”

“मारल्यास का?”

“आईनं मारू दिल्या नाहीत.”

तिचं हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ भरलं. मी तो आकडा महानंदाताईंना, तिच्या आईला दाखवला. वडील भोसरीत एका कंपनीत होते. महिन्यातून एकदा यायचे. बाकीचं सगळं ही एकटी बाई बघायची.

“रक्त नाही, ताई,” मी सांगितलं.

“नाही म्हंजे?”

“ओ पॉझिटिव्ह एकही पिशवी नाही. तुमच्यापैकी कुणी देणारं मिळालं तर तपासून दुपारपर्यंत लावता येईल.”

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी बदली रक्तदाता मागायचा नाही, असा नियम होता. पण फ्रिजमध्ये नसलेलं रक्त नियमाने येत नाही.

महानंदाताईंनी पिशवीतून फोन काढला आणि बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. दहा वर्षांत त्यांनी कुणाकुणाला विचारलं असेल, याचा मी कधी हिशेब केला नव्हता. बाहेरून आवाज येत होता. “नाही हो, एकदाच. एकदाच या. हां… हां, लग्न आहे, माहिताय मला.” मग शांतता, मग पुढचा नंबर.

सव्वानऊला लोखंडे आले. त्यांना बघून मला हायसं वाटलं. वामन लोखंडे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दर तीन महिन्यांनी, कुणी न बोलावता, सुट्टीच्या दिवशी सायकलवरून येऊन रक्त देऊन जायचे. छत्तीस वेळा दिलेलं. गट ओ पॉझिटिव्ह.

“तुमचीच वाट बघत होते,” मी म्हणाले. “झोपा पटकन.”

“झोपायला नाही आलो. आज चालणार नाही, तेवढं सांगायला आलो.” त्यांनी पॅंट वर करून पोटरी दाखवली. दोन खुणा होत्या, कडा अजून लालसर. “कुत्रं चावलं. तीन सुया झाल्या, दोन राहिल्यात.”

“फोनवर सांगायचं की,” नदाफभाई म्हणाले.

“मला वाटलं, मुदत किती असते ते नीट विचारावं.”

“एक वर्ष.”

“वर्ष?” लोखंडे खरोखरच नाराज झाले. “त्या कुत्र्याला कळवतो म्हणावं.”

त्यांनी पॅंट खाली केली, मी पुढे केलेल्या फॉर्मवर कुत्र्याचा प्रश्न शोधून त्यापुढे ‘हो’ लिहिलं, सही केली. बाकावर शिवलीला भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. लोखंडेंनी तिच्याकडे पाहिलं, मला विचारलं नाही, आणि निघून गेले.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. पॅंट खालीच राहिली असती, तर मला काही कळलं नसतं. तपासणीत कुत्रा दिसत नाही. मी हे नदाफभाईंना बोलूनही दाखवलं.

“असं बोलू नये,” ते म्हणाले. एवढंच.

साडेदहाला महानंदाताईंची माणसं आली. तिघे. त्यांच्या शेजारचे बसवणप्पा, गल्लीतला केश कर्तनालय चालवणारा दिगंबर, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा मल्लिनाथ. मल्लिनाथ पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, ट्रॅक्टर चालवणारा. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात त्याने पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटापर्यंत बटणं लावून.

“पाव्हणं आलं बघा,” महानंदाताई मला म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. “पेरणीआधीची नांगरट सोडून आलं.”

“अक्का, उगं काय सांगू नका,” तो म्हणाला. मग शिवलीलाच्या डोक्यावर टपली मारली. “काय गं, ट्रॅक्टरवर बसायला येणार होतीस ना? अशी कशी वाळलीस?”

“काका, तुमचं रक्त लावलं की मला ट्रॅक्टर येईल?”

“येईल की. पण डिझेल तू घालायचं.”

ती हसली आणि हसता हसता तिला दम लागला. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

आधी तिघांचा गट तपासला. तिघेही ओ पॉझिटिव्ह निघाले. मला आनंद झाला. एकाने दिलं तरी पुरे, दोघांनी दिलं तर पुढच्या वेळेचीही सोय.

आता प्रश्न. रक्त घेण्याआधी प्रत्येकाला प्रश्न विचारायचे असतात. आमच्या फॉर्मवर ते अकरा होते. कावीळ, मलेरिया, ऑपरेशन, दात काढणं, कुत्रा चावणं, गोंदवणं, बाहेर कुठे सुई टोचून घेणं, दारू, शरीरसंबंध, वगैरे. ते एकेकट्याला आत घेऊन, दार लावून विचारायचे. त्यासाठी एक खोली होती आणि दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटीही होती. पण जानेवारीच्या शिबिरात रक्तदात्यांना वाटायला आणलेल्या स्टीलच्या बाटल्यांचे उरलेले खोके तिथे छतापर्यंत रचले होते. दार पूर्ण उघडतसुद्धा नव्हतं. म्हणून मी ते प्रश्न बाहेर, बाकासमोर उभं राहून विचारायची. मला ते वेगवानही वाटायचं.

“मागच्या वर्षभरात कावीळ झाली होती?” मी बसवणप्पांना विचारलं.

“झाली होती की. दिवाळीच्या आगंमागं. झाडपाल्याचं औषध घेतलं, उतरली.”

“मग तुमचं चालणार नाही.”

“उतरली म्हणतोय की मी.”

“तरी चालणार नाही. बाजूला बसा.”

महानंदाताई बसवणप्पांकडे बघत राहिल्या. दुसरा दिगंबर. कावीळ नाही, मलेरिया नाही, ऑपरेशन नाही. “दात काढला?”

“परवाच. हा बघा.” त्याने गाल ओढून दाखवला. “रक्त अजून येतंय थोडं.”

“नाही चालणार.”

“दातानं काय होतंय, मॅडम?”

“नाही चालणार,” मी पुन्हा म्हणाले. तोपर्यंत अकरा वाजत आले होते आणि माझ्या डोक्यात तपासणीला लागणारे तास चालले होते.

महानंदाताईंनी पदर तोंडाला लावला. “आता ह्यो एकच राहिला,” त्या कुणाला तरी उद्देशून म्हणाल्या. मला, मल्लिनाथला की भिंतीला, ते कळलं नाही.

मल्लिनाथ उठून उभा राहिला.

“कावीळ?”

“नाही.”

“मलेरिया?”

“नाही.”

“ऑपरेशन?”

“नाही.”

तो माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होता. मला ते बरं वाटलं. मी एकेका चौकटीत ‘नाही’ लिहीत गेले. अकरा प्रश्न, अकरा वेळा ‘नाही’. एका मिनिटाच्या आत झालं. त्याने सही केली, डाव्या हाताची बाही दंडापर्यंत गुंडाळली आणि खाटेवर आडवा झाला. शीर जाड आणि सरळ होती. पिशवी सहा मिनिटांत भरली.

“एवढंच?” तो म्हणाला. “अजून घ्या की.”

“तीन महिन्यांनी.”

“येतो. अक्का, तीन महिन्यांनी मी येणार. लिहून ठेवा.”

महानंदाताईंनी त्याला बिस्किटाचा पुडा फोडून दिला आणि त्याने त्यातली बिस्किटं शिवलीलाला भरवली.

नमुना मी स्वतः लावला. यंत्र प्रत्येक नमुन्याला एक आकडा देतं आणि त्या दिवसाची एक मर्यादा असते. आकडा मर्यादेच्या खाली राहिला तर पिशवी देता येते. वर गेला तर जाळून टाकायची. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, तिन्हींत मल्लिनाथ खाली होता. हिपॅटायटिस सीची मर्यादा शून्य पूर्णांक छत्तीस होती, त्याचा आकडा शून्य पूर्णांक शून्य आठ. पिशवी क्रमांक ४१७. जुळणी बरोबर आली. दुपारी तीन वाजता ती शिवलीलाला लावली. सहा वाजता सातही पायऱ्या ती न थांबता उतरून गेली आणि खालून ओरडली, “ट्रॅक्टरचं आहे!”

आठ ऑगस्टला मल्लिनाथ आला. मी दिवस मोजले, एक्क्याण्णव होत होते. कुणी फोन केला नव्हता. त्या दिवशी फ्रिजमध्ये ओ पॉझिटिव्ह नऊ होत्या, पण त्याला परत कशाला पाठवायचं? पुन्हा बाकासमोर अकरा प्रश्न, पुन्हा अकरा वेळा ‘नाही’, पुन्हा डावा हात.

दुपारी यंत्राने त्याच्या नमुन्याला हिपॅटायटिस सीमध्ये तीन पूर्णांक शून्य दोन दिले. मर्यादा शून्य पूर्णांक सदतीस. मी परत लावला. दोन पूर्णांक सत्त्याण्णव.

हिपॅटायटिस सी हा यकृतात राहणारा विषाणू आहे. संसर्ग झाल्यावर आठ-दहा आठवडे आमच्या यंत्रात काहीच दिसत नाही, आकडा खाली राहतो. रक्त मात्र संसर्ग देऊ शकतं. हा प्रश्न मला डिप्लोमाच्या परीक्षेत आला होता. पाचपैकी पाच मार्क मिळाले होते.

मी रजिस्टर काढलं. क्रमांक ४१७. पुढे नाव शिवलीलाचं.

“भाई,” मी हाक मारली.

नदाफभाईंनी वाचलं. रजिस्टरवर हात ठेवून ते उभे राहिले. “तिच्या यकृतात आधीच लोह साठलंय,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांच्या रक्ताचं. त्यात हे.” मग ते समुपदेशन कक्षाकडे गेले आणि खोके बाहेर काढू लागले. मीही काढू लागले. बाटल्यांचे सव्वीस खोके निघाले. आत एक टेबल आणि दोन खुर्च्या सापडल्या.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथला मी त्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. दार लागल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं.

“काय झालंय?”

मी सांगितलं. विषाणूचं नाव, तो कसा जातो, पुढे कुठे दाखवायचं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “मे महिन्यात होतं का हे माझ्यात?”

“तेव्हाचा आकडा खाली होता. पण तेव्हा दिसत नसेल, असं होऊ शकतं. मला तेच बघायचंय. तुम्हाला काही आठवतं? मेच्या आधीचं?”

मग त्याने उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत निळा त्रिशूळ होता. डमरूसकट.

“महाशिवरात्रीच्या यात्रेतला,” तो म्हणाला. “एकाच सुईनं पंचवीसजणांचे काढले त्यानं. आम्ही रांगेत होतो.”

महाशिवरात्र दहा मार्चला होती. दहा मार्च ते नऊ मे, साठ दिवस.

“मी विचारलं होतं,” मी म्हणाले. “गोंदवलंय का म्हणून.”

“विचारलं होतं.”

“मग?”

“मॅडम, बसवणप्पा ‘हो’ म्हणाला, तुम्ही त्याला बसवलं. दिगंबर ‘हो’ म्हणाला, त्याला बसवलं. मला काय कळायचं ते कळलं. ‘हो’ म्हणणारा घरी जातोय.” तो टेबलाकडे बघत बोलत होता. “आणि अक्का तिथं उभ्या होत्या. पोरगी तिथं बसली होती. म्हटलं असतं गोंदवलंय, तर अक्कांना काय वाटलं असतं? द्यायचं नाही म्हणून पाव्हण्यानं कारण काढलं. एवढीशी रेघ, तिचं काय एवढं! असंच वाटलं असतं.”

“शर्ट मुद्दाम घालून आला होतात?”

“नाही. बायकोला, कलावतीला आवडलं नव्हतं गोंदवलेलं, म्हणून तसाच घालत होतो तेव्हा. तिथं आल्यावर उपयोगी पडला.” त्याने बाही खाली केली, पण बटण लागेना. “आज विचारलं असतंत, ह्या खोलीत, तर सांगितलं असतं मी.”

मी पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली.

“शिवूला गेलं का ते?”

“माहीत नाही. तिचं रक्त घ्यावं लागेल.”

“अक्कांना काय सांगणार?”

“जे आहे ते.”

“मी सांगू का आधी?”

“नको,” मी म्हणाले. “तिचा रिपोर्ट येऊ द्या.”

शिवलीलाची पुढची तारीख तेरा ऑगस्ट होती. मधल्या दिवसांत मी वर्षभराचे फॉर्म काढून बसले. मला एक गोष्ट मोजायची होती. पेशंटच्या नातेवाइकांनी जमवून आणलेल्या गटात पहिल्या माणसाला परत पाठवलं होतं, असे गट मी वेगळे काढले. त्या पहिल्या माणसाच्या मागे उभे असलेले एकूण एकशे त्रेचाळीसजण निघाले. त्यांतल्या दोघांनी कुठल्यातरी प्रश्नाला ‘हो’ म्हटलं होतं. मग लोखंडेंसारखे, कुणाचा पेशंट नसताना आपणहून आलेले काढले. ते दोनशे सव्वीस होते. त्यांतले एकतीसजण ‘हो’ लिहून घरी गेले होते. नऊ मेच्या पानावर लोखंडेंची सही होती, त्याच तारखेच्या आणखी एका पानावर माझ्या अक्षरातली अकरा ‘नाही’. मी कागद नदाफभाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

तेरा तारखेला महानंदाताई आणि शिवलीला आल्या. फ्रिजमध्ये ओ पॉझिटिव्ह सहा होत्या. मी नेहमीपेक्षा एक नळी जास्त भरून घेतली.

“ही कशाला?” शिवलीलाने विचारलं. सगळ्या नळ्या तिला पाठ होत्या.

“एक तपासणी करायची आहे.”

“मार्चमध्ये केली होती ती?”

“तीच.”

“तेव्हा चांगली आली होती.”

“हो. शून्य पूर्णांक शून्य सहा.”

“मग परत कशाला?”

महानंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नळी हलक्या हाताने उलटसुलट करत होते. दहा वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला चेहरे वाचता येतात. त्यांनी मुलीच्या दंडावरचा कापूस दाबून धरला आणि विचारलं, “मॅडम, आमच्या पाव्हण्यांना तुम्ही परवा कशाला बोलावलं होतं?”

“बसा, ताई. तीन तास लागतील. मग तुम्हाला सगळं सांगते. आत, त्या खोलीत.”

“आत्ता सांगा.”

“आत्ता मलाच माहीत नाही.”

त्या बसल्या. शिवलीला आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि छताकडे बघत कूलरचा आवाज काढू लागली.

मी नमुना तीन खाचांत लावला, म्हणजे चूक झाली तर कळावी. वेळ घड्याळावर नाही, टायमरवर बघितली. दोन वाजून दहा मिनिटांनी यंत्राने कागद बाहेर काढला. मर्यादा शून्य पूर्णांक पस्तीस. शिवलीला बिराजदार, वय दहा: पहिली खाच दोन पूर्णांक एक्क्याऐंशी, दुसरी दोन पूर्णांक ब्याऐंशी, तिसरी दोन पूर्णांक ऐंशी.